काजळी आणि खोडरबर

सा देक गावच्या बाजारात मासळीची ओळ ओलांडली की दिएनचं दुकान लागतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. भिंतीवर गेलेली माणसं ओळीनं टांगलेली. गावात कोणी गेलं की पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला तसबीर लागते, आणि ती दिएनच्याच हातची हवी असा लोकांचा हट्ट. पूर्वी तो दिव्याच्या काजळीची पूड कुंचल्यानं कागदावर घासायचा आणि खोडरबरानं त्यातून उजेड काढायचा. कपाळ, नाकाचा शेंडा, डोळ्यातला ठिपका, सगळं खोडरबराचं काम. पुढं हात थरथरायला लागला. तेव्हा त्याच्या बायकोनं, तुएतनं, नवऱ्याचं एक न ऐकता कॉम्प्युटर आणवला. माऊस धरताना हात टेबलावर टेकवता येतो, हे दिएनला जरा उशिरा उमगलं, पण उमगलं एकदाचं.

कॉम्प्युटर आला त्याच दिवशी तुएतनं त्याचा डबा जमिनीवर, भूमीबाबाच्या देव्हाऱ्याला खेटून ठेवला. भूमीबाबा म्हणजे दुकानाचा राखणदार. ढेरपोट्या, हसरा, जमिनीवरच बसणारा. त्याला रोज सकाळी काळी कॉफी, दोन केळी आणि उदबत्त्या. "बाबाच्या नजरेखाली राहील," तुएत म्हणाली. आमच्या गावात याला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.

वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं. मग अलीकडं मोठा फोटो उघडला की डबा हत्तीसारखा डुलत बसायचा. आणि नेमक्या मुओइताईंच्या कामात त्यानं मानच टाकली.

मुओइताईंचा नवरा वीटभट्टीवर होता. त्याचा एकच फोटो उरलेला, तोही भट्टीवरच्या घोळक्यातला. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा आणि अर्ध्यावर पुराच्या पाण्याचा डाग. इतकी वर्षं त्यांच्या देव्हाऱ्यात नुसतं नाव लिहिलेली पाटी होती. आता ताईंना काचबिंदू झालेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जे बघायचं ते बघून घ्या. "या श्राद्धाला तेवढा त्याला माझ्यासमोर बसव, दिएन," त्या म्हणाल्या होत्या, "पुढच्या श्राद्धाला तो असेल, पण मला कुठं दिसणार?"

रोज दुपारी त्या शेजारी बसायच्या आणि सांगायच्या, कान जरा मोठे, भुवई इथं तुटलेली, हसताना ओठ डावीकडं जायचा. तसं तसं दिएननं डागाखालचा अर्धा चेहरा उभा केला. डोळे तेवढे राहिले, आणि फाइल उघडेनाशी झाली.

बाजारात दुरुस्तीचं दुकान चालवणारी क्वेन येऊन डब्यात डोकावली. "चौथे काका, याचा प्रोसेसर म्हातारा झालाय," ती म्हणाली. दिएन घरात चौथा, म्हणून तो साऱ्या बाजाराचा चौथे काका.

"मग सगळंच नवं घ्यायचं?"

"छे! नवा प्रोसेसर आणि तो ज्यात बसेल तेवढा बोर्ड. मेमरीच्या पट्ट्या आणि ग्राफिक्स कार्ड तुमचंच राहू दे. चांगलं दणकट आहे."

"ऐकलंत ना?" तुएत नवऱ्याकडं बघून म्हणाली. "सगळं जुनं काही टाकायचं नसतं. नाहीतर मी तुम्हाला कधीच भंगारात दिलं असतं."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी क्वेननं सगळं जोडलं. जुन्या पट्ट्या नव्या बोर्डात खोचल्या, जुनं कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला आणि डबा टाहो फोडायला लागला. पीं, पीं, पीं.

"मेमरी नाही म्हणतोय," क्वेन पुटपुटली. पट्ट्या काढल्या, घातल्या, जागा बदलून बघितल्या. पीं, पीं, पीं. दुसरीकडं काम न्यावं, तर क्वेनच्या दुकानातल्या डब्यांना ती फाइल उघडतानाच घाम फुटला होता.

तुएत काय गप्प बसणार! तिनं उदबत्त्यांची जुडीच पेटवली. "बाबा, हा डबा बोलता कर, तुला भाजलेलं डुक्कर देईन, कुरकुरीत कातडीचं!" धूर सरळ उघड्या डब्यात.

"काकू, जरा लांब," क्वेन खोकत म्हणाली. डोळे चोळायला तिनं हात वर केला आणि तसाच थबकला. पट्ट्या हाताळून बोटं काळी झाली होती. "काका, हे काय आहे?"

दिएननं तिच्या बोटावरचं काळं आपल्या चिमटीत चोळलं. "उदबत्तीची काजळी. दिव्याची कोरडी असते, ही तेलकट."

तिघांच्याही नजरा भूमीबाबाकडं वळल्या. बाबा हसतच होता. इतकी वर्षं त्याच्या उदबत्त्यांचा धूर पंख्यानं आत ओढला होता. पट्ट्या जागच्या हलल्या नव्हत्या तोवर निभावलं. उपसून दुसरीकडं बसवल्या आणि त्यांच्या कडेच्या सोनेरी दातांवरची काजळी आडवी आली.

"दात घासले की झालं," क्वेन म्हणाली. "खोडरबर आहे?"

"क्वेन," दिएन म्हणाला, "खोडरबर आहे का, हे तू मला विचारतेस?"

त्यानं खण ओढला. जन्मभराचे खोडरबर होते त्यात, झिजलेले, टोकं काढलेले. त्यातला मऊसा निवडून त्यानं मनगट टेबलावर टेकवलं आणि क्वेननं दाखवलं तसं एकाच दिशेनं, हलक्या हातानं घासत गेला. हात थरथरला नाही. काळ्याखालून सोनेरी रेघा एकेक करून वर यायला लागल्या.

पट्ट्या बसवल्या. पीं-पीं थांबलं. पडदा मात्र काळाच.

"या प्रोसेसरला स्वतःचं चित्र दाखवता येत नाही, तो कार्डावरच विसंबून असतो," क्वेन म्हणाली. "कार्डाचेही दात घासा."

तेही घासले. बटण दाबलं. पडदा उजळला. मुओइताईंची फाइल एका दमात उघडली आणि भट्टीवरचा तो माणूस डावीकडं ओठ ओढून समोर हसत उभा राहिला. दिएननं खोडरबर खाली ठेवला. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो असा उतरतो.

"माझा नवस फळला," तुएत म्हणाली.

"तुझ्या नवसाच्या धुरानंच तर मारलं होतं!"

"मारलं त्यानंच, तारलंही त्यानंच. डुक्कर आणावंच लागेल."

भूमीबाबाला हलवायचं तर मुहूर्त काढा, त्याची समजूत घाला, कोण करणार? डबाच उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत दिएननं डोळे पुरे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुओइताई आल्या. तसबीर हातात घेतली, दारातल्या उजेडाला धरली, अगदी नाकाला टेकेल इतकी जवळ नेली. मग तसबिरीवर एकदम खेकसल्या, "मेल्या, होतास कुठं इतकी वर्षं?" आणि रडायला लागल्या. तुएतही रडली. दिएन उगाच चष्मा पुसत राहिला.

ताईंना घर गाठेपर्यंत दम निघेना. त्यांनी तसबीर तिथंच टेबलावर, डब्याला टेकवून उभी केली, चाचपडत पिशवीतून उदबत्त्या काढल्या आणि काडी ओढली.

"अहो ताई, तिथं नको!" तुएत ओरडली.

दिएननं तिचा हात धरला. "लावू दे त्यांना," तो म्हणाला. "खोडरबर आहे माझ्याकडं."