दुसऱ्या सशाची अँटिबॉडी

"सून काय करते?" असं कोणी विचारलं की माशीमावशीचे सासरे गंभीर चेहऱ्याने सांगत, "माश्या मारते. पगारी." सासरे गेले, विनोद मागे राहिला. नवरा शिंपी, गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावता लावता तोही हाच विनोद ऐकवायचा.

मावशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मदतनीस होती. पिकल्या केळ्याभोवती घोंघावतात तसल्या, तिळाएवढ्या फळमाश्या ती मक्याच्या पिठावर आणि यीस्टवर वाढवायची, गॅस देऊन झोपवायची आणि दोन चिमट्यांनी त्यांचं पोट उकलून अंडाशय अलगद बाहेर काढायची. नवे विद्यार्थी चार अंडाशयांचा चिखल करायचे, तेवढ्यात तिची चाळीस काढून व्हायची.

पेशीच्या आत एखादं प्रथिन कुठे बसलंय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून ते प्रथिन सशाला टोचतात. सशाचं रक्त त्याला परकं समजून अँटिबॉडी बनवतं, आणि ती त्याच प्रथिनाला गोचिडासारखी चिकटते. तिला चमकणारा रंग जोडला की झालं. जिथे चमक, तिथे प्रथिन. माशीचं अंडं तयार होताना सोळा पेशी एकमेकींना धरून असतात आणि त्यांच्यामधल्या वाटांना गोल कड्या असतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची सगळी हयात त्या कड्यांमधल्या एका प्रथिनावर गेली होती. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार, म्हणून त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीला सगळे शेंडेफळ म्हणत. तिचा प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता.

त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून टपालाने नव्या माश्या आल्या. त्यांच्यात ते प्रथिन बनवणारं जनुकच मोडलेलं होतं. ओळखायची खूण अशी, की जनुकाच्या दोन्ही प्रती मोडलेल्या माशीचे पंख सरळ, एक शाबूत असली तर कुरळे. शेंडेफळ म्हणाली, "मावशी, अँटिबॉडी लावून सरळ पंखवाल्यांचं एक स्टेनिंग करून द्या ना. प्रथिनच नाही, म्हणजे कड्या काळ्या दिसतील, फोटो प्रबंधात टाकते. परीक्षक खूश!"

मावशीने माश्या रंगवल्या. पण अंधाऱ्या खोलीत तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पुन्हा लावला. कड्या हिरव्यागार चमकत होत्या.

जे प्रथिन माशीत नाहीच, ते चमकतं कसं?

आपलंच चुकलं असणार, हा तिचा पहिला विचार. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सुरू झाल्याचं सांगितलं होतं, आणि ते तिने फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. कुरळे पंख सरळ दिसले असतील. तिने पुन्हा माश्या निवडल्या, या वेळी प्रत्येक माशी दोनदा उलटीपालटी करून. पुन्हा चमक. तिसऱ्यांदा तिने सगळी भांडी नवी घेतली, द्रावणंसुद्धा नवी बनवली. पुन्हा तेच.

"झाला का माझा फोटो?" शेंडेफळ रोज विचारायची.

"माश्या कमी निघाल्या गं. उद्या बघू," मावशी सांगायची आणि पुढच्या बाटलीकडे वळायची.

घरी तिने डाळीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्याने मुकाट्याने खाल्लं, मग विचारलं, "काय झालंय?"

"सहा वर्षांपूर्वी पहिल्या सशाची अँटिबॉडी संपत आली होती," ती म्हणाली. "मग दुसऱ्या सशाची काढली. दोन्ही सारख्याच आहेत का हे मीच तपासलं. साध्या माश्यांमध्ये दोघींनी कड्या दाखवल्या. मी म्हटलं, सारख्याच. सरांनी माझ्या शब्दावर वापरायला काढली. आता वाटतंय, दुसरी कड्यांमधल्या भलत्याच कशाला तरी चिकटत असावी."

"वाटतंय की आहे?"

तिने ताटं उचलली. नुसतं वाटत होतं तोवर गप्प बसायची सोय होती.

दुसऱ्या दिवशी तिने फ्रीजर उपसला. पहिल्या सशाची एक नळी तळाशी बर्फात रुतली होती, आत जेमतेम थेंबभर. तो थेंब खर्च करायला तिचा हात धजेना. शेवटी त्यातला केसभर घेऊन तिने सरळ पंखांच्या आणि कुरळ्या पंखांच्या माश्या शेजारी शेजारी रंगवल्या. दोन दिवसांनी पाहिलं. कुरळ्यांमध्ये कड्या चमकत होत्या. सरळ पंखवाल्यांमध्ये काळोख.

आता डोळ्यांवर ढकलायला जागा उरली नाही.

ती सरांच्या दारापाशी दोनदा जाऊन परत आली. तिसऱ्यांदा सरच म्हणाले, "बाई, आत या की, येरझारा कसल्या घालताय?"

तिने काचपट्ट्या टेबलावर ठेवल्या. सगळं सांगितलं. सर त्या घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले, बराच वेळ आत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा हातातच धरला होता.

"हे कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"पहिली शंका आली त्याला नऊ दिवस झाले, सर."

"आणि नऊ दिवस ती पोरगी शेवटचं प्रकरण लिहीत बसली!"

चूक सहा वर्षांपूर्वीची होती, पण मावशीच्या जिव्हारी लागले ते हे नऊ दिवस.

शेंडेफळाला सरांनी सांगितलं. ती पिशवी उचलून निघून गेली. आठवडाभर आलीच नाही. आली तेव्हा मावशीशी बोलणं बंद. चिमटा हवा असला तरी शेजारच्या टेबलावरून मागायची.

एक गोष्ट मात्र हाती होती. कोणती काचपट्टी कोणत्या नळीने रंगवली, हे मावशी वहीत पेन्सिलीने टिपून ठेवायची. तीन आठवडे तिने वह्या आणि काचपट्ट्यांच्या पेट्या ताडून पाहिल्या. सरांचं जुनं काम पहिल्या सशाचं निघालं, ते वाचलं. एक छापलेला लेख आणि शेंडेफळाची दोन प्रकरणं गेली.

लेखाच्या मासिकाला दुरुस्ती पाठवायची ठरली. सरांनी मसुदा तिच्यापुढे ठेवला. वर तिघांची नावं होती, त्यात तिचं.

"सर, माझं नको," ती घाबरून म्हणाली. "लेखावर नव्हतं, मग चुकीवर कशाला?"

"चुकीवर नाही, शोधण्यावर आहे. आणि लेखावर नव्हतं हे माझं चुकलं." सरांनी पेन पुढे केलं. तिने सही केली. दुरुस्ती छापून आल्यावर कितीतरी दिवस फोन वाजला की ती दचकायची. कोणीतरी दूरवरून जाब विचारणार असं वाटायचं. कोणीही विचारला नाही. नवऱ्याने पान कापून कपाटात ठेवलं; त्यातलं अक्षरही त्याला कळत नव्हतं.

सरांनी एक वर्ष मुदतवाढ घेतली. नवी अँटिबॉडी तयार व्हायला सहा महिने लागले, आणि या वेळी ती आधी सरळ पंखांच्या माश्यांवर तपासली. तपासायला शेंडेफळ स्वतः आली. मावशीच्या शेजारच्या स्टुलावर बसली, माश्या झोपवल्या आणि म्हणाली, "मावशी, पंख मी निवडते. तुम्ही आधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"शिंपीकाका. ब्लाऊज शिवायला टाकला होता."

मावशीने ऑपरेशन करून घेतलं. गेलेल्या दोन प्रकरणांपैकी एक नव्या अँटिबॉडीने पुन्हा उभं राहिलं; प्रबंध पाचाऐवजी चार प्रकरणांचा झाला आणि पास झाला. मात्र तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळपासून मावशी पेन्सिलीच्या नोंदींच्या वह्या छातीशी धरून दाराबाहेर बसली होती, आणि दार उघडून सगळे हसत बाहेर आले तरी तिने त्या पटकन खाली ठेवल्या नाहीत.