धाकट्याला दिलेलं मूत्रपिंड

परवा पलूसकडं जाताना एस.टी.च्या खिडकीतून गंधकाचा वास आला. द्राक्षबागेत धुरळणी चालली होती, पिवळसर धुराळा वेलींवर अलगद उतरत होता. गाडीतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. मी मात्र तो वास छातीभरून घेतला. माझ्या धाकट्या भावाच्या सदऱ्याला असाच वास यायचा. छाटणीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. काडीच्या कोणत्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, कात्री लावायची, हे त्याला वेल पाहताच कळे.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. घरातल्या साऱ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळलं ते माझं. वडूजला सासरी थोडी कुरकुर झाली. मालक मात्र शांतपणे म्हणाले, जा. पुण्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं विचारलं ते, त्याला लघवी झाली का. झाली होती. तसं सुख मी माझ्या बाळंतपणांतही अनुभवलं नव्हतं.

परका अवयव शरीरानं झिडकारू नये म्हणून त्याला रोज औषध घ्यावं लागे, अंगातली प्रतिकारशक्तीच दाबून ठेवणारं. धुराळा वर्ज्य झाला. मग तोंडाला फडकं बांधून तो बांधावर उभा राही आणि गड्यांना लांबूनच छाटणी सांगे. असं दीड वर्ष गेलं, आणि त्याच्या मानेत गाठी आल्या. आधी क्षयाचा संशय होता. गाठीचा तुकडा तपासल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की ज्या औषधानं मूत्रपिंड राखलं, त्यानंच शरीराचा पहारा ढिला केला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेबंद वाढल्या. कर्करोगाच्याच जातीचं हे दुखणं. औषध कमी केलं तर गाठी कदाचित विरतील, पण मूत्रपिंड जाण्याचं भय.

बाहेर बाकावर तो म्हणाला, "आक्का, तू दिल्यालं हाय ह्ये. मी कसं घालवू?"

"जपायला न्हाई दिलं मी," मी म्हणाले. "तू ऱ्हावास म्हणून दिलं. त्ये गेलं तर जाऊ दे, तू ऱ्हा."

त्यानं ऐकलं. गाठी खरंच ओसरल्या. पुढं लघवी कमी होत गेली आणि मूत्रपिंड पोटातच बंद पडलं. सांगलीला डायलिसिस सुरू झालं, आणि काही महिन्यांत गाठी पुन्हा उठल्या, या वेळी पोटात. शेवटच्या दिवसांत एका दुपारी त्यानं मला जवळ बसवून घेतलं. "तुज्या अंगाला काय तरास न्हाई न्हवं, आक्का?" एवढंच विचारलं. मी न्हाई म्हटलं. त्यानं डोळे मिटले.

आमच्यात बायका मयताबरोबर नदीवर जात नाहीत. माझा एक तुकडा त्याच्याबरोबर कृष्णेकाठी गेला आणि मी उंबऱ्यात उभी राहिले. आता पन्नाशी उलटून किती वर्षं झाली. माझं उरलेलं मूत्रपिंड बिनतक्रार दोन्हींचं काम करतंय. औषध कमी करायला लावलं ते योग्यच होतं, असं डॉक्टरांनी मला तेव्हाही सांगितलं, नंतरही सांगितलं. मला ते पटतं. त्याच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहून गेलं.