पंचिंग मशीन आणि बाहेरचा व्यवहार

मी एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. चिंचवडच्या एका कारखान्यात गेटच्या आत डाव्या हाताला छोटी खोली होती, टाइम ऑफिस म्हणायचे तिला. तिथे बसून कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला ते मी बघायचो. खिडकीशेजारी भिंतीवर पंचिंग मशीन. कामगाराने आपलं कार्ड फटीत घालायचं, दांडा दाबायचा, खट् आवाज होऊन कार्डावर वेळ उमटायची. सातपर्यंत निळी, सातनंतर लाल. तीन लाल झाले की अर्धा दिवस कापला. यामुळे मी कुणाचाच आवडता नव्हतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटायचं नाही.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे दुसऱ्याचं कार्ड पंच करणं. दोस्त बसमध्ये अडकलाय, मग त्याचंही आपणच दाबून टाकू. असे मी खूप पकडले. एकाला तर सख्ख्या भावाचं कार्ड दाबताना पकडलं. "भाऊच हाय की साहेब," म्हणाला. मी दोघांचाही दिवस कापला.

नावं मी कुणाची सांगणार नाही. त्यात मोठेपणा काही नाही. मला नावं आठवतच नाहीत, टोकन नंबर आठवतात.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी जुन्या लोकांना सांगितलं, काय हवं ते घेऊन जा. लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या, एकाने वॉटर कूलर टेम्पोत घालून नेला. मी पंचिंग मशीन आणलं आणि निगडीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत भिंतीला ठोकलं. बायकोला त्या जागी वॉशिंग मशीन हवं होतं. तिने बरीच वर्षं धीर धरला, मग एक दिवस शांतपणे सांगितलं, की या घरात आता एक तर ते राहील नाही तर मी.

जावयाने ते ऑनलाइन लिलावाच्या एका साइटवर टाकून दिलं. गुरुवारी संध्याकाळी सहाला सुरू, पुढच्या गुरुवारी सहाला बंद. साइटचे नियम चोवीस पानांचे होते. जावई म्हणाला, "हे कुणी वाचत नाही, खाली जाऊन 'मान्य आहे' दाबायचं." न वाचता मान्य करणं माझ्या रक्तात नाही. मी चोवीस पानांची प्रिंट काढली आणि दोन दिवस पेन्सिल घेऊन वाचली. अकराव्या पानावर लिहिलं होतं, की साइटवर लिलावाला ठेवलेली वस्तू विकणाऱ्याने साइटबाहेर कुणालाही विकू नये. मला तो नियम इतका आवडला, की मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

वस्तू पाहायला घरी येण्याची मुभा होती. मी दाराशी टेबल टाकून नोंदवही ठेवली. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, कामाचं स्वरूप, सही. दारावर कागद चिकटवला, 'बाहेरचा व्यवहार होणार नाही.' शेजारणीने बायकोला हळूच विचारलं, तुमच्यात काही बिनसलंय का.

लोक आले, आणि प्रत्येकाला बाहेरचाच व्यवहार करायचा होता. सगळ्यात चिकट होता वाकडचा एक तरुण. त्याचा नवा कॅफे पुढच्या शुक्रवारी उघडणार होता. कॅफेची सजावट कारखान्यासारखी, लोखंडी खुर्च्या, उघडे पाइप, आणि भिंतीवर त्याला हे मशीन हवं होतं. आम्ही ज्या पाइपांना कंटाळून रिटायर झालो, त्यांच्याखाली बसून लोक आता कॉफी पिणार होते. तो म्हणाला, "काका, लिलाव काढून टाका. मोडलं म्हणून सांगा. साइटचं कमिशन वाचेल, आपण दोघंही खूश."

"आणि बाकीचे ज्यांनी उघड बोली लावलीय ते?" मी विचारलं.

"त्यांना काय कळणारे?"

एकतीस वर्षं दुसऱ्याचं कार्ड दाबणारे मला हेच सांगत होते. मी त्याला पाऊण तास बसवून बाहेरच्या व्यवहारात अन्याय नेमका कुणावर होतो ते समजावलं. जो समोर नाही, ज्याने विश्वासाने बोली लावली आणि जो आता वाट बघत बसलाय, त्याच्यावर. अकरावं पान मी त्याला मोठ्याने वाचायला लावलं. त्याने निमूट वाचलं, वहीत जाण्याची वेळ लिहिली आणि गेला. त्या दिवशी मी फार खुशीत होतो, जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी एक बाई आली. पस्तिशीची असेल, चाकणच्या कंपनीचा युनिफॉर्म अंगावर. नोंदवहीत 'कामाचं स्वरूप' या रकान्यासमोर ती थांबली आणि म्हणाली, "काका, मी दोनशे चौदाची मुलगी."

दोनशे चौदा आमचा लेथवरचा टर्नर. खेडकडचा माणूस, राजगुरुनगरच्या पुढच्या गावातला, अंगाला कायम तेलाचा वास. मी विचारलं, "कसा आहे?"

तिने सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, मशीनकडे बघत होती. त्याला दोन वर्षांपासून विसर पडतोय. रोज पहाटे उठतो, डबा मागतो आणि पहिल्या पाळीला निघतो. आपल्या कारखान्याच्या जागी आता ऑनलाइन सामानाचं गोडाऊन आहे. तिथला वॉचमन त्याला आत घेत नाही, तिथे अंगठा लावावा लागतो. मग तो कारखाना शोधत चालत सुटतो. एकदा मोशीला सापडला. एकदा हायवेच्या मधोमध, ट्रक हॉर्न वाजवतायत आणि हा हातात डबा घेऊन उभा. फक्त गुरुवारी घरी थांबतो, कारण आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. वार त्याला सांगावा लागत नाही.

"दार लावून ठेवलं तर डोकं आपटतात. माझी तर ड्यूटी असते," ती म्हणाली. "परवा जुन्या कामगारांच्या ग्रुपवर या मशीनचा फोटो आला. बाबांनी मोबाइल हातातून सोडलाच नाही. हे घरी असलं तर इथंच पंच करतील आणि इथंच बसतील, असं वाटतंय. सध्याच्या बोलीपेक्षा जास्त देते काका. आजच नेते."

आतून बायको म्हणाली, "देऊन टाका."

मी म्हणालो, "नियम आहे."

आज हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या वेळी माझा आवाज अगदी सरळ होता. मी तिला म्हणालो, तूही बोली लाव. तिला ते येत नव्हतं. मग मी चहा मागवला, तिच्या मोबाइलवर तिचं खातं उघडून दिलं, पासवर्ड कसा असावा ते सांगितलं, नियमांची चोवीस पानं तिला वाचायला दिली. हात लांब केला तर मशीनला लागेल इतक्या अंतरावर बसून तिने त्या मशीनवर बोली लावली. दोन मिनिटांत वाकडच्या कॅफेने तिच्यावर चढवली. बायकोने चहाचे कप उचलले ते आदळतच नेले.

रात्रभर विचार करून मी वाट काढली. विकायला बंदी होती, पण पाहणीवर बंदी नव्हती, आणि पाहणी किती वेळ चालावी हे चोवीस पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी पहाटे मुलीने दोनशे चौदाला आमच्याकडे आणलं. मी दोरी बांधून दोन कार्ड रॅक लटकवले होते, एक 'आत' आणि एक 'बाहेर', आणि एका जुन्या कोऱ्या कार्डावर दोनशे चौदा लिहून ठेवलं होतं. तो जिना चढून आला, मला बघून सावरून उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार साहेब." कार्ड घेतलं, दांडा दाबला, खट्. कार्ड दुसऱ्या रॅकमध्ये ठेवलं आणि बाल्कनीतल्या स्टुलावर जाऊन बसला. साडेतीनपर्यंत हलला नाही. साडेतीनला पंच करून लिफ्टने खाली गेला, मुलगी घ्यायला आली होती.

चार दिवस असं चाललं. आमच्या घरात पहिली पाळी सुरू झाली. बायकोने त्याला मटार सोलायला दिले, तर त्याने दाण्यांचे आकारानुसार तीन ढीग केले आणि सगळ्यात बारीक ढीग रिजेक्शन म्हणून वेगळा ठेवला. बारा वाजता तो डबा उघडायचा, बायको त्याला ताक द्यायची. कॅन्टीन सुधारलं, असं त्याने मला गुपचूप सांगितलं. मंगळवारी तो सात वाजून दोन मिनिटांनी आला, लाल शाई उमटली, आणि तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "लिफ्ट बंद हुती साहेब. लाल नका धरू. पोरगी लहान हाय माझी." ती लहान पोरगी त्याच्यामागे चाकणचा युनिफॉर्म घालून उभी होती. मी "बरं" म्हणालो.

बुधवारी कॅफेवाला पुन्हा पाहणीला आला. तो मशीनला हात लावायला गेला तर दोनशे चौदाने अडवलं. "मागं व्हा. कारड कुठंय तुमचं?" कॅफेवाला खूशच झाला. त्याने आधी मशीनचा आणि मग दोनशे चौदाचा फोटो काढला. "काका, हे इतकं झकास चालतं, मला माहीतच नव्हतं. हे आजोबा उद्घाटनाला येतील का?" आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने बोली चढवली. माझ्या नियमबद्ध युक्तीने मी त्या पोरीचं काम आणखी अवघड करून ठेवलं.

गुरुवारी दोनशे चौदा घरीच होता. मुलगी पाच वाजता आमच्याकडे आली. आम्ही दोघं सोफ्यावर मोबाइलकडे बघत बसलो. पावणेसहाला तिने शेवटची बोली लावली आणि म्हणाली, "आता यापुढं नाही जमणार काका." सहाला नऊ मिनिटं असताना कॅफेने तिला मागे टाकलं.

बायको बाहेर आली आणि म्हणाली, "कमी पडणारे पैसे तुम्ही घाला तिच्या बोलीत."

मला ते तेव्हाच पटलं, अगदी मनापासून पटलं. पण विकणाऱ्याने घेणाऱ्याला मदत करावी की नाही, हा प्रश्न होता. मी चोवीस पानं घेतली आणि शोधायला लागलो. अकराव्यावर नव्हतं. सोळाव्यावर काहीतरी जवळपासचं होतं, पण ते विकणाऱ्याने स्वतः बोली लावण्याबद्दल होतं. ही स्वतःची म्हणायची का? एकोणिसाव्या पानावर तळटीप होती, ती बारीक टाइपात होती, म्हणून मी चष्मा पुसला. मोबाइल वाजला. लिलाव संपल्याचा तो आवाज होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिनिटांवर बसलेला मी, वेळ बघायला विसरलो.

मुलगी उठली. "तुम्ही नियमानंच केलंत काका," म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कॅफेवाला तासाभरात टेम्पो घेऊन आला. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मी त्याला बसवलं, सगळी हकिकत सांगितली आणि म्हणालो, "हे राहू दे. आपण आपसात मिटवू. मी तुला दुसरं काही शोधून देतो, साइटला सांगायची गरज नाही." हे माझ्याच तोंडातून निघत होतं. दारावर माझाच कागद होता.

तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं. पण सुतार भिंतीला खाचा पाडून बसला होता, आमंत्रणांवर मशीनचं चित्र होतं. "काका," तो म्हणाला, "तुम्हीच मला वाचायला लावलं होतं ना?" त्याने स्क्रू काढले, नोंदवहीत जाण्याची वेळ लिहिली, सही केली. भिंतीवर चार भोकं राहिली.

मुलीला मी सांगितलं होतं, उद्या आणू नकोस. तिने नाही आणलं. शुक्रवारी सात वाजता बेल वाजली. दोनशे चौदा एकटा आला होता, घामाघूम, हातात डबा. आकुर्डीला मुलीच्या घरून चालत आला असावा. वाट मात्र चुकला नव्हता.

मी मुलीला फोन लावला, इथेच आहे म्हणून सांगितलं. तोवर तो बाल्कनीत जाऊन कार्ड हातात घेऊन त्या भोकांसमोर उभा होता. मग वळला आणि कार्ड माझ्यापुढे धरलं.

"मशीन दुरुस्तीला गेलंय," मी म्हणालो. घड्याळात सात वाजून सहा मिनिटं झाली होती. मी निळं पेन घेतलं आणि कार्डावर सहा अठ्ठावन्न लिहिलं.

त्याने कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि परत माझ्याकडे दिलं. "हातानं लिव्हलेलं चालत न्हाई साहेब. सुपरवायझरची सही लागती."

बरोबर होतं त्याचं. तो नियम मीच केला होता. आमचा सुपरवायझर जाऊन सहा वर्षं झाली. त्याची सही मी रोज दोनशे कार्डांवर बघायचो, पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी खाली ओढलेली लांब रेघ. मी टेबलापाशी बसलो आणि तशीच सही केली. रेघ नीट आली.

"आता चालंल," तो म्हणाला, आणि स्टुलावर जाऊन बसला.