बाहेरचा कट्टा

"ए, टेबलावर नको. तुमची बाटली बाहेर, कट्ट्यावर."

तपासणीच्या खोलीतला माणूस माझ्या नवऱ्याला हे मोठ्यानं म्हणाला. बाकड्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. नगरच्या त्या दवाखान्यात बाहेरच्या कट्ट्यावर कुणाची बाटली ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एचआयव्हीवाल्यांची. बाकीच्यांची आत, टेबलावर, पंख्याखाली.

नवरा नागापूरला एमआयडीसीत लेथवर होता. कारखान्यात आम्ही कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. इथं एका वाक्यात सगळं उघडं पडलं.

त्याचा ताप उतरत नव्हता. अंगावर मांस उरलं नव्हतं. टीबी आहे का बघायला बेडका मागितला होता. बेडका काढायला छातीत जोर लागतो, तो कुठून आणायचा? दवाखान्यामागं वाकून तो खाकरत होता, मी पाठ चोळत होते. एवढासा निघाला. तो कट्ट्यावर भर उन्हात ठेवला. मी पदर आडवा धरला.

"बाई, हटा तिथून. आम्हाला शिकवू नका."

रिपोर्ट आला. टीबी नाही. तोच माणूस हसत म्हणाला, "केलंय ते भोगा आता."

घरी आल्यावर नवरा भिंतीकडं तोंड करून पडला. म्हणाला, "मला काय झालंय ते कुनीच सांगना गं."

मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. टीबीच होता, अंगभर पसरलेला. बाई म्हणाल्या, प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाच्या बेडक्यात जंतू सापडतीलच असं नाही, अशांचा टीबी लघवीतही कळतो, तीही लगेच तपासायला हवी होती. आणि नमुना उन्हात ठेवतात का कुणी? त्याला पारनेरला गावी नेलं ते अँब्युलन्समधून, पांढऱ्या कापडात. मला अजून त्याची पाठ हाताला लागते. नुसती हाडं.

यंदा मला ताप लागला. माझाही आजार तोच, एचआयव्ही. तीच खोली, तोच माणूस.

"बाहेर ठेवा."

"न्हाई ठेवायची. माझा मानूस तितंच वाळला. ही टेबलावरच ऱ्हाईल. आन् लघवीबी तपासा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. पेशंट हाय."

मी बाटली टेबलावर ठेवली. तिच्यावरचा हात काढला नाही. शेवटी त्यानं मान खाली घातली आणि ती ट्रेमध्ये ठेवली.

टीबी निघाला. गोळ्या चालू झाल्या. ह्याच गोळ्या नवऱ्याला वेळेत मिळाल्या असत्या तर! रोज गोळी घेताना रडू येतं, आणि मग राग येतो.

आता तपासणीच्या दिवशी मी तोंडाला फडकं बांधून त्या कट्ट्यावर जाऊन बसते. डोक्यावर ऊन येतं. आतून ओरडतात, उठा म्हणतात. मी उठत नाही. तिथं आता कुणाचीही बाटली ठेवू देणार नाही.