तिला सापडत होतं

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मुलगी आईला गोष्ट वाचून दाखवत होती. ‘मोट’ या शब्दापाशी ती अडली.

“आई, मोट म्हणजे?”

“पुढे वाच. बैल काय करतात बघ.”

बैल मागे सरले, मोट विहिरीत बुडाली. बैल पुढे गेले तशी ती भरून वर आली. मुलीचा चेहरा उजळू लागला. तेवढ्यात समोरच्या गृहस्थांनी मोबाइलमध्ये बघून सांगून टाकलं, “पाणी काढायची चामड्याची पिशवी.”

“अहो काका, तिला सापडत होतं की,” आई म्हणाली.

मुलीने पुस्तक मिटलं.

मला संताप आला. यांना विचारलं होतं कुणी? आजूबाजूची वाक्यं हात धरून शब्दापर्यंत नेतात, त्या वाटेवरच तर वाचनाची गोडी लागते. ती वाट हिसकावून घेणारे हे कोण?

गृहस्थ समाधानाने हसले. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. मुलगा वाचताना अडला की मीही असाच हसत अर्थ सांगून टाकायचो. आता तो नववीत आहे. अडला की पुढची ओळ वाचत नाही. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहतो.