लांबडी चकव्यावर चालत नाही

लोणारच्या विवरात बार एकदाच होई, पण कडा तो ऐकून घेऊन पुन्हा पुन्हा सांगत राही. आधी समोरचा कडा, मग कमळजेच्या देवळामागचा, मग कुठला ते कळायचं नाही. शेवटचा आवाज इतका बारीक असे की तो बंदुकीचा की आपल्याच कानातला, याचा पत्ता लागत नसे. भगवानरावांच्या बंदुकीच्या गोष्टींचंही तसंच झालं होतं. मूळ बार ऐकलेली माणसं दोन-तीन उरली होती. बाकी गावाकडे कड्याचे आवाज होते.

बंदूक विलायती, दुनळी, आठ बोरची (बोरचा आकडा लहान तितकी नळी रुंद), पाणपाखरांसाठीच घडवलेली. उभी केली तर तिची काडतुसं भरणाऱ्या सुभद्राबाईच्या कपाळाला लागे. सगळे तिला लांबडी म्हणत. दिवेलागणीला सापाचं नाव घेऊ नये म्हणून त्याला जसं लांबडं म्हणतात, तसं थोडं भिऊन, थोडं लाडानं.

एस.टी. थांब्यावर कचरू धनगर तिच्या गोष्टी सांगे. तो घोंगड्या विकायला बसलेला असे, आणि घोंगड्यांपेक्षा गोष्टी जास्त खपत.

"पोलिसाची बारा बोरांची अन् आपली आठचीच," कोणी तरी त्याला डिवचायचं. "मंग आपली लहान नाही का बे कचऱ्या?"

"बोरं कोन्ती ते पाह्य ना!" कचरू म्हणायचा. "पोलिसाच्या नळीत बारा मावतात, पन ते झुडपावरचे चन्यामन्या बोरं. लांबडीत आठच मावतात, एकेक पेरूएवढं!"

मग हशा ओसरला की तो आवाज खाली आणायचा. "पन चकव्या पाखरावर नाही चालत बरं ते. साहेबानं तीनदा घोडा ओढला. टक्. टक्. टक्. लांबडीले धरम आहे बाप्पा."

हे तिसरं टक् कानावर आलं की रस्त्यानं जाणारी सुभद्राबाई पदर नीट करी आणि चाल वाढवी.

पंधराव्या वर्षी ती लग्न होऊन इथे आली. नवरा पुंजाजी भगवानरावांकडे सालदार होता. थंडीत मालक शिकारीला निघाले की पडलेली बदकं पाण्यातून काढणं हे त्याचं काम. दोन वाळले भोपळे काखेत बांधून तो त्या खाऱ्या पाण्यात उतरायचा आणि बाहेर येऊन वाळला की अंगभर पांढरा व्हायचा, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. सुभद्रेच्या वाट्याला काडतुसं आली. तिची बोटं बारीक होती, एवढंच कारण.

काडतूस पितळी होतं, बार झाला की पुन्हा भरायचं. बुडाशी टोपी बसवायची, मापानं दारू ओतायची, तिच्यावर जाड कागदाची चकती, मग घोंगडीच्या तुकड्याचं बूच, मग छर्रे, वर आणखी एक चकती आणि कडेनं मेण. चकत्या लग्नपत्रिकांच्या असत. मालकांकडे लग्नसराईत पत्रिकांचा ढीग येई. ती मोच्याकडच्या गोल पंचानं त्या पाडत बसायची. बार झाला की छर्ऱ्यांमागून चकत्याही उडत आणि पाखरं पडून गेल्यावर सावकाश, जणू त्यांना कुठलीच घाई नाही अशा, पाण्यावर उतरत. पुंजाजी बदकांबरोबर त्यातल्या एक-दोन घेऊन यायचा. काठ जळलेल्या, हळदीचं बोट लागलेल्या. एकीवर 'चि. सौ. कां.', एकीवर 'श्रीकृपेक', एकीवर नुसतं 'सहकु'. दोघांनाही वाचता येत नव्हतं. सुभद्रा त्या डब्यात ठेवायची, आणि पावसाळ्यात काम नसलं की दोघं त्या चुलीपुढे मांडून कोणती नवरीची, कोणती नवऱ्याची असा डाव खेळायची.

चूक झाली ती पहिल्याच हिवाळ्यात. बुचांसाठी कचरूच्या बापाकडून आणलेल्या घोंगडीला मेंढराचा असा वास होता की सुभद्रेला मळमळलं. माहेरी तिला स्वच्छतेचं वळण होतं. तिनं घोंगडी रिठ्यानं धुतली, दिवसभर मालकांच्या अंगणात उन्हात टाकली, आणि संध्याकाळी हाताला कोरडी लागली म्हणून बुचं कापली. लोकर आतून ओली राहते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आठ दिवस ती बुचं दारूवर बसून राहिली, आणि ओल चकतीतून झिरपून दारू आणि बुडाची टोपी दोन्ही दमट झाली.

आठव्या दिवशी बुलढाण्याहून गोरा साहेब आला. जुन्या काडतुसांवर त्यानं सकाळभर बदकं पाडली. मग चकव्यांची जोडी दिसली, केशरी, काठाशी शेजारी शेजारी. चकवा कोणी मारत नसे. रात्री त्यांची ताटातूट होते आणि या काठावरून त्या काठाला ती एकमेकांना हाका मारतात, त्यांच्यात तिसऱ्यानं पडू नये, असं म्हणत. साहेबाला त्याचं काय. त्यानं नवी काडतुसं घातली. तीन वेळा टक् झालं आणि जोडी उडून गेली. साहेब लाल झाला, तसे भगवानरावांचे वडील हात जोडून म्हणाले, "साब, ये बंदूक चकवे पे नहीं चलती." साहेब हसला. वहीत लिहून घेतलं. झालं.

पाण्यात छातीपर्यंत उभ्या पुंजाजीनं हे सगळं पाहिलं होतं. तो घरी आला तो पांढऱ्या अंगानं, आणि डोळे भिजलेले. "सुभद्रे, म्या देव पाह्यला आज," असं म्हणाला. तिच्या मनात घोंगडीचा वास आला आणि सगळं कळलं. सांगायला तोंड उघडलं, तर तो लांबडी ठेवली होती त्या खोलीकडे पाहून नमस्कार करत होता.

मग सांगायचं राहून गेलं. आज नको, उद्या, असं बत्तीस वर्षं. पुंजाजी जिथे जाईल तिथे ते सांगायचा, मुलीच्या लग्नात, वावरात, दवाखान्यात शेवटच्या खाटेवरसुद्धा. त्याला गावात मान होता तो तेवढ्यावर. लांबडीनं धर्म पाळला तेव्हा पाण्यात असलेला माणूस. तो गेल्याला आता चार वर्षं झाली होती. आसपासच्या गावांत चकव्यावर बंदूक धरणारा कोणी उरला नव्हता. आणि त्या दिवसानंतर सुभद्राबाईचं एकही काडतूस फसलं नव्हतं. एकही नाही. ती बुचं दोन उन्हाळे वाळवायची.

एकोणसत्तर सालच्या हिवाळ्यात भगवानरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लायसन पुढे चालवायचं नाही, सोमवारी लांबडी ठाण्यात जमा करायची, असं ठरलं. रविवारी शेवटचं एकदा तळ्यावर जायचं होतं. अकोल्याहून जावई आले, नीळकंठराव, वकील. जेवताना त्यांनी ती गोष्ट पुन्हा ऐकली आणि हात धुता धुता म्हणाले, "मामाजी, उद्या चकव्यावरच पाहू की. बंदूक आहे, तिला काय कळतं? काडतूस खराब असणार. तेव्हा भरत कोण होतं?"

सुभद्राबाई ओसरीच्या कोपऱ्यात पंच पुसत होती. तिचा हात थांबला.

"आता काय आठवते?" भगवानराव म्हणाले. "पाहू मंग. तुमचं समाधान होऊ द्या. सुभद्रे, एकच भर. चांगलं भर."

दुपार पिवळी, लांबलचक होती. तिनं पाट मांडला, दारूचा डबा, छर्रे, मेण. शेजारी वाटीत पाणी. एक बूच तिनं वाटीत टाकलं. ते आधी तरंगलं, मग हळूहळू जड झालं, पुंजाजी पाण्यात उतरताना व्हायचा तसं, आधी गुडघे, मग कंबर, मग नुसतं डोकं. हे बूच घातलं की उद्या टक् होईल. लांबडीचा धर्म राहील, पाखरू राहील, पुंजाजी राहील. कोरडं घातलं तर बार होईल आणि वकील विचारील, तेव्हा कोण होतं? गाव तिच्याकडे पाहील. आणि पुंजाजीनं जन्मभर ज्याला हात जोडले ते बायकोनं धुतलेलं घोंगडं होतं, हे कचरू थांब्यावर सांगेल. लोक हसतील. पुंजाजीला हसतील.

तिनं ओलं बूच चिमटीत उचललं. काडतुसाच्या तोंडाशी नेलं. बोटं पुढे जाईनात. मुंगीच्या रांगेपुढे काडी आडवी टाकली की ती जशी थबकते तशी तिची बोटं काडतुसाच्या काठाशी थबकली. या हातांनी आयुष्यात एकच गोष्ट खोटी न करण्याचं ठरवलं होतं, आणि त्यांना आता दुसरं काही करता येत नव्हतं. तिनं कोरडं बूच घातलं. दाबलं. छर्रे, चकती, मेण. मग पदर तोंडाला लावून बसली.

"पुंजाजीबुवा," ती पुटपुटली, "मले माफ करजा."

सकाळी ती कधी नव्हे ती बरोबर निघाली. "आता काऊन येऊन राह्यली माय तू?" तळ्याकडे निघालेला कचरू म्हणाला. "बदकं काढतं का भोपळे बांधून?"

"तुह्या तोंडाले बांधतो भोपळा," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच लांबून आला.

धुकं विवरात कढत्या दुधासारखं वर चढलं होतं. खाली उतरत गेलं की आपणच कोणाच्या तरी झोपेत उतरतोय असं वाटे. पाणी दिसलं तेव्हा ते हिरवं, गप्प होतं. आणि काठाशी जोडी होती. केशरी, शेजारी शेजारी. तीच, असं सुभद्राबाईला वाटलं, जरी पाखरं इतकी जगत नाहीत हे तिला माहीत होतं.

भगवानरावांनी लांबडी उघडली, काडतूस उजव्या नळीत घातलं, दोन्ही नळ्यांचे घोडे चढवले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही तो केशरी डाग दिसत असावा, कारण नळी नेमकी तिथे जाऊन थांबली. सुभद्राबाईनं कान झाकले नाहीत. बत्तीस वर्षांचा आवाज येणार होता, तो तिला ऐकायचा होता.

टक्.

कड्यानं ते परत सांगितलं नाही. एवढा लहान आवाज कडा सांगत नाही. चकव्यांनी माना वर केल्या, एक जण बोलला, दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि दोघं पाण्यावरून खाली खाली उडत धुक्यात गेली.

"पाह्यलं का वकीलसाहेब!" कचरू ओरडला आणि चक्क जमिनीला हात लावून पाया पडला. नीळकंठरावांनी नकळत चपला काढल्या होत्या.

भगवानरावांनी उरलेला घोडा अंगठ्यानं धरून अलगद उतरवला. लांबडी उघडली, काडतूस काढलं आणि सुभद्राबाईच्या तळहातावर ठेवलं. थंड होतं. तिनं ते सवयीनं उलटं केलं. फसलेल्या काडतुसाच्या टोपीवर घोड्याचा खळगा असतो. साहेबाच्या त्या तिन्हींवर होता, ती विसरली नव्हती. ही टोपी मात्र कोरी होती, नव्या पैशासारखी, गुळगुळीत. हिच्यावर काही पडलंच नव्हतं. मालकांनी रिकाम्या डाव्या नळीचा चाप ओढला होता.

तिनं वर पाहिलं. जावई आणि कचरू चढाला लागले होते, कचरूची गोष्ट आत्ताच सुरू झाली होती. भगवानराव पांढुरक्या डोळ्यांनी धुक्याकडे पाहत होते.

"यंदा घोंगडी वाळली होती ना, सुभद्रे?" ते म्हणाले.

तिनं काडतूस मुठीत मिटलं.

"खडखडीत वाळली व्हती, मालक," ती म्हणाली.

"मले वाटलंच," ते म्हणाले, आणि आधारासाठी तिच्या खांद्यावर हात ठेवून चढू लागले.