मुहूर्तावरचं विमान

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात मी कृष्णाकाठच्या एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीतल्या धावपट्टीवर आठवड्यातून दोनदा प्रवासी विमान उतरायचं. एरवी आकाशात असायचं ते उसावर औषध फवारणारं एक छोटं खाजगी विमान.

एके दुपारी बारा-दहाला प्रवासी विमान उतरत असताना एक छोटं विमान त्याला आडवं गेलं. कॅप्टननं विमान कसंबसं वर खेचलं, म्हणून आतली माणसं वाचली. खापर फुटलं धावपट्टीवरच्या वायरलेस ऑपरेटरवर. ‘आकाश मोकळं आहे’ असं त्यानंच कळवलं होतं. तो निलंबित झाला आणि तपास माझ्याकडे आला.

ऑपरेटर चिठ्ठी घेऊन ठाण्यात आला. म्हणाला, “साहेब, फवारणीचं विमान लग्न लागताना वरून फुलं टाकायला गेलं होतं. साडेअकरापर्यंत शेतातल्या पट्टीवर उतरतो, अशी वैमानिकाची चिठ्ठी होती. त्याच्याकडे वायरलेस नाही. मी चिठ्ठीवर विसंबलो. नोकरी गेली तर चार लेकरं घेऊन कुठं जाऊ?”

वैमानिक म्हणाला, “मी वेळेवर उतरलो. ते दुसरं विमान असेल.” जणू सातारा-सांगलीत विमानं सायकलींसारखी फिरत होती!

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की लग्न किती वाजता लागलं? मुहूर्त होता अकरा-बावीसचा. गावात गेलो. दोन हजार माणूस जेवलं होतं, पण जबाब एकच.

“मुहूर्तावरच लागलं, साहेब. मिनिटभर इकडं न्हाई का तिकडं न्हाई.”

“घड्याळ कुणी पाहिलं?”

“घड्याळ कशाला बघायचं? मुहूर्त म्हंजे मुहूर्त!”

तीन दिवस हेच. मुलीचा बाप तर मान वर करेना. लेकीचा मुहूर्त टळला, असं कागदावर कोण लिहून देणार? तेवढं मला कळत होतं. पण चार लेकरांच्या बापाचं काय? मी वैतागून एकेकावर खेकसलो. लोक नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

चौथ्या दिवशी हवालदारानं खबर आणली. त्या लग्नातला सनईवाला आठवडी बाजारात कुरकुरत होता. म्हसवडकडचा माणूस, गावाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला.

“आवं, पाऊण तास वाजवत हुतो! गाल दुखाय लागलं. वर ते इमान घिरट्या घालतंय. मांडवावरनं तांबडा पंचा हलवल्याबिगर फुलं टाकायची न्हाईत, असं ठरलं हुतं. पंचा काय कुणी हलवंना.”

“का? कुणासाठी थांबले होते?”

तो हवालदाराकडे बघायला लागला. मी टेबलावर हात आपटला. “अरे, बोल की!”

“तुमच्यासाठीच की, साहेब. ‘फौजदारसाहेब येतो म्हणालेत, त्यांच्या अक्षता पडल्याबिगर लगीन लावायचं न्हाई,’ असं मुलीच्या बापानं सांगितलं.”

मी खण उघडला. लग्नसराईतल्या पत्रिकांच्या ढिगात ती पत्रिका होती. प्रमुख उपस्थितीत माझा हुद्दा ठळक छापलेला. मुलीचा बाप स्वतः ती द्यायला आला होता. मी मान वर न करता “येतो, येतो” म्हणालो होतो. सगळ्यांनाच म्हणायचो. स्टेशन डायरी काढून पाहिली. त्या दिवशी अकरा ते एक, फौजदार ठाण्यात हजर. कामही काही नव्हतं.

मुलीच्या बापाला बोलावलं. “मला तोंडावर का नाही सांगितलंत?”

“कसं सांगायचं, साहेब? तुमास्नी वाईट वाटलं असतं.”

मला वाईट वाटू नये म्हणून अख्खं गाव खोटं बोललं, आणि एक भला माणूस रस्त्यावर येत होता. संताप आला, पण काढायचा कुणावर? वैमानिकाला पुन्हा समोर बसवलं, तेव्हा आपण उशिरा परतल्याचं त्यानं मुकाट्यानं कबूल केलं. कागदपत्रांत पहिला जबाब मी माझाच लिहिला. वरून ठपका आला, तो सेवापुस्तकात अजून आहे. ऑपरेटर मात्र कामावर परतला.

पुढं वर्षभरानं तो थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. “यायचं हं, साहेब.”

मी म्हणालो, “येईन असं सांगत नाही. माझ्यासाठी मिनिटभरही थांबू नका.”

त्याचा चेहरा उतरला. लग्नाच्या दिवशी मांडवात पोहोचलो तेव्हा सतरंज्या घालणं चाललं होतं. मुहूर्ताला दोन तास अवकाश होता. एक टोक धरून मीही सतरंजी ओढायला लागलो.